जुन्या बेअरिंगची साक्ष

मारुती ८०० चं टायर १४५/७० आर १२ या मापाचं. त्याचा एक फेरा झाला की गाडी साधारण १.६ मीटर पुढं सरकते. म्हणजे किलोमीटरला सव्वासहाशेच्या आसपास फेरे. नगरहून पुणं १२० किलोमीटर धरलं, तर एकेक चाक जाताना ७५ हजार वेळा फिरतं आणि संध्याकाळी परत येताना तेवढंच. गाडीचं ६५० किलो वजन, आत बसलेली माणसं, डिकीतलं सामान, रस्त्यातले खड्डे हे सगळं सोसत हे फेरे ज्याच्यावर होतात, ते बेअरिंग तळहातावर मावतं. मालकाला मात्र ते आवाज करेपर्यंत माहीतही नसतं.

मी नगरला लागूनच असलेल्या भिंगारला गॅरेज चालवतो. शहराचं नाव कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी अजून ‘नगर’च आहे, म्हणून मीही तेच लिहितो. हे फौजेचं गाव. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथं, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथं, आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही इथंच. त्यामुळं इथल्या जुन्या मिस्त्र्यांच्या हाताला फौजी वळण आहे. माझे उस्ताद लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई कोअरमधून निवृत्त होऊन आले होते. त्यांचा एक दंडक होता. चाकातून काढलेलं बेअरिंग भंगाराच्या डब्यात जाण्याआधी धुवायचं, पुसायचं आणि उजेडात धरून बघायचं. ते म्हणायचे, ‘पार्ट बदलणं ही हमाली आहे. तो का गेला हे सांगता आलं, तर तू मिस्तरी.’

माझ्याकडं येणाऱ्या गाड्या बहुतेक जुन्या. ८००, ओम्नी, सुमो, महिंद्राच्या जीपा, एखादी प्रीमियर पद्मिनी. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्या वेळी लोक रंग, टायर, हॉर्न, दिवे असं सगळं नीट करून घेतात. बेअरिंगची आठवण कुणाला येत नाही. मग एक दिवस तेच स्वतःची आठवण करून देतं.

दोन कड्या आणि मधले छर्रे

बेअरिंग म्हणजे पोलादाच्या दोन कड्या, एकीच्या आत दुसरी. दोहोंच्या मधल्या खाचेत छर्रे. छर्रे एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांना अंतरावर धरणारा पिंजरा, आणि आत थोडं ग्रीस. आमच्या भाषेत कडीला ‘रेस’ म्हणतात. एक कडी स्थिर राहते, दुसरी फिरते, आणि घसरण्याच्या जागी गडगडणं आलं की घर्षण नावापुरतं उरतं. हे पोलाद साधं नसतं. त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं, आणि पाणी देऊन ते इतकं कठीण केलेलं असतं की साधी कानस त्यावर नुसती घसरते.

दुसरा प्रकार टेपर रोलरचा. त्यात छर्र्यांऐवजी निमुळते रोलर असतात. आतल्या भागाला कोन आणि बाहेरच्या कडीला कप म्हणतात. हेन्री टिमकेन या अमेरिकेतल्या घोडागाड्या बनवणाऱ्या कारखानदाराला १८९८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. घोडागाडी वळताना चाकावर जो आडवा जोर येतो, तो साध्या बेअरिंगला सोसत नव्हता, म्हणून ही युक्ती निघाली. आपल्या भागातल्या ऊस वाहणाऱ्या टायरच्या बैलगाडीत आजही हेच बेअरिंग असतं. लाकडी चाकाच्या आखाला येता-जाता वंगण घालावं लागायचं, ते काम टायरच्या गाडीनं कमी केलं आणि बैलाच्या खांद्यावरचा ताणही.

छर्र्यांच्या बेअरिंगच्या इतिहासात एक गोष्ट काळ्या जमिनीत घर बांधलेल्याला लगेच पटेल. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला स्वेन विंगक्विस्ट हा एका कापड गिरणीत इंजिनिअर होता. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी. जमीन हलायची, पाया सरकायचा, छताखालचे लांब शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंगं फुटायची. त्यानं वाकडेपणा झाला तरी स्वतः जुळवून घेणारं बेअरिंग काढलं आणि १९०७ मध्ये एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. आपल्या देशात १९४६ मध्ये जयपूरला बेअरिंगचा कारखाना निघाला आणि साठच्या दशकात एसकेएफचा चिंचवडला. या चिमुकल्या वस्तूवाचून यंत्रयुग किती अडतं, हे महायुद्धात कळलं. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकेच्या विमानांनी जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर हल्ला केला. त्या एका दिवसात त्यांची ६० बॉम्बफेकी विमानं पडली.

आवाज कुठून येतो?

तिसगावचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांची पांढरी ८०० त्यांनी नवीन घेतली होती, अजून तीच वापरतात. मागच्या पावसाळ्यानंतर आले आणि दारातूनच म्हणाले, ‘मिस्तरी, पन्नासच्या पुढं गेलं की गाडी विमानासारखी घुमतीय. करंजी घाटात डावीकडं वळलं की जास्ती.’

गुरुजींनी निम्मं निदान स्वतःच केलं होतं. गाडी डावीकडं वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर जातं. त्या वेळी घुमणं वाढलं, तर बहुतेक वेळा उजवीकडचं बेअरिंग गेलेलं असतं. उजव्या वळणावर वाढलं तर डावीकडचं. हा आवाज गाडीच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो, इंजिनाच्या फेऱ्यांशी त्याचा संबंध नसतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून बघावं. इंजिन मंदावलं तरी घुमणं तसंच राहिलं, तर कारण चाकाकडं आहे.

मात्र इथं टायर फसवतं. टायर एका बाजूनं किंवा टप्प्याटप्प्यानं झिजलं असेल तर तेही घुमतं. फरक असा, की खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर आलं की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. तरीही शंका असेल तर पुढची चाकं मागं आणि मागची पुढं करून एक चक्कर मारावी. आवाजही जागा बदलून गेला तर दोष टायरचा, आणि गिऱ्हाइकाचे बेअरिंगचे पैसे वाचले.

पुढची तपासणी जॅकवर. गाडी सपाट जागी, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा उटी, आणि जॅकनं उचलल्यावर खाली घोडी लावलेली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालणारा माणूस माझ्या गॅरेजात टिकत नाही. मग चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवायचं. ‘खट्’ लागलं तर प्ले आहे. पुढच्या चाकाला हा प्ले बॉल जॉइंटचाही असू शकतो. तेव्हा कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेकनं चाक आणि त्याला धरणारा नकल एकमेकांना जखडले जातात. आता प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगमध्ये होता, तसाच राहिला तर जॉइंटमध्ये शोधायचा. ३ आणि ९ च्या जागी धरून हलवलं तर स्टिअरिंगच्या टाय रॉडचा ढिलेपणाही त्यात मिसळतो, म्हणून निकाल आधी १२ आणि ६ वर घ्यावा.

प्ले नसला म्हणजे बेअरिंग चांगलं, असंही नाही. एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवायचं. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी स्प्रिंगवरच्या बोटांना कळते. गुरुजींच्या गाडीचं मागचं उजवं चाक फिरवलं आणि त्यांचाच हात स्प्रिंगवर ठेवला. ते म्हणाले, ‘हे तर वाळू भरल्यावाणी लागतंय.’

ड्रम खोलताना

८०० च्या मागच्या चाकात ब्रेक ड्रमच्याच पोटात दोन छर्र्यांची बेअरिंगं असतात आणि त्यांच्यामध्ये एक नळी, तिला स्पेसर म्हणतात. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. चाक काढलं, हँडब्रेक सोडला, ड्रमच्या मधली पत्र्याची टोपी हलक्या हातानं उचकटली, की आत खाचांचा नट आणि त्यातून आरपार गेलेली कॉटर पिन दिसते. पिन काढायची ती टाकायची, पुन्हा वापरायची नाही. ड्रम अडला तर पुलर लावायचा. कडेला हातोड्याचे घाव घातले तर ड्रमला तडा जातो. आतली ब्रेकची काळी धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवायची नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसावं.

स्पेसर थोडा बाजूला सरकवून आतून पितळी पंच लावायचा आणि बेअरिंग एकदा इकडून, एकदा तिकडून असं सरळ ठोकत बाहेर काढायचं. जुन्या बेअरिंगला मार बसला तरी चालतो, ते जाणारच आहे. मात्र बेअरिंग निघाल्यावर ड्रमच्या ज्या गाळ्यात ते बसलं होतं, तो गाळा तपासायचा. तिथं चकाकी आली असेल आणि नवं बेअरिंग नुसत्या अंगठ्यानं आत जात असेल, तर बाहेरची कडीच ड्रममध्ये फिरत होती. अशा वेळी काही मिस्त्री गाळ्यात पंचानं टिपके मारून तो आवळ करतात. महिनाभर चालतं. टिपके झिजले की बेअरिंग पुन्हा फिरायला लागतं. त्याला उपाय दोनच. ड्रम बदला, नाहीतर चांगल्या लेथवाल्याकडून स्लीव्ह घालून घ्या.

नवं बेअरिंग बसवताना एकच कायदा पाळायचा: जोर छर्र्यांमधून जाता कामा नये. बाहेरची कडी गाळ्यात घट्ट बसणार असेल, तर दाब बाहेरच्या कडीवरच द्यायचा. आतली कडी शाफ्टवर घट्ट बसणार असेल, तर आतल्या कडीवर. आतल्या कडीवर हातोडा मारून बाहेरची कडी गाळ्यात घुसवली, तर प्रत्येक घाव छर्र्यांमधून खाचेत उतरतो आणि छर्र्यांच्या अंतरानं बारीक खळगे पडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि काही महिन्यांत घुमणं घेऊन परत येतं. स्वीडनच्याच योहान ब्रिनेल यांनी १९०० मध्ये धातूची कठीणता मोजण्याची रीत काढली, तीही कठीण गोळी दाबून पडलेला खळगा मोजण्याचीच. म्हणून अशा खळग्यांना त्यांचंच नाव पडलं.

माझ्याकडं हाताचा प्रेस आहे. प्रेस नसेल तर जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी घासून किंचित बारीक करायची आणि नव्याच्या कडीवर ठेवून सावकाश दाबायचं. थंडीनं पोलाद आक्रसतं, त्याचाही उपयोग होतो. नवं बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं की सकाळी गाळ्यात सहज उतरतं. आमच्या घरचा फ्रीजर या कामात बराच झिजला आहे. बायकोनं एक कप्पा वेगळा काढून दिला आणि ‘कुल्फीच्या कप्प्याला हात लावायचा नाही’ अशी तंबी दिली. बेअरिंग एकाच बाजूनं झाकलेलं असेल तर झाकलेली बाजू बाहेर. पहिलं बेअरिंग, मग स्पेसर, मग दुसरं. स्पेसर विसरून ड्रम बंद झालेला मी दुसरीकडून आलेल्या गाडीत पाहिला आहे. त्या बेअरिंगचा पिंजरा फुटून चुरा झाला होता.

नट किती आवळायचा?

जुन्या गाड्यांची सगळ्यात जास्त बेअरिंगं या प्रश्नावर जातात. ८०० च्या मागच्या चाकात मधला स्पेसर दोन्ही आतल्या कड्यांच्या मध्ये टेकलेला असतो. नट आवळला तर जोर कडी, स्पेसर, कडी असा सरळ जातो, छर्र्यांवर येत नाही. म्हणून तिथं नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानं, टॉर्क पान्यानं पूर्ण आवळायचा. सैल ठेवला तर आतली कडी शाफ्टवर फिरून शाफ्ट खाते.

जीप, जुनी पिकअप यांच्या पुढच्या चाकात टेपर बेअरिंगं समोरासमोर तोंड करून बसतात. तिथं नट आवळला की रोलर कपात रुततात, म्हणजे नटच बेअरिंगचा ताण ठरवतो. म्हणून चाक हातानं फिरवत नट आवळायचा, चाक जड लागलं की थांबायचं. त्यामुळं रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट सैल करायचा आणि पुन्हा नुसत्या बोटांनी टेकवायचा. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागं घ्यायचा, पुढं नाही. दोन नट आणि लॉक वॉशरची रचना असेल तर बाहेरचा नट आवळल्यावर पुन्हा तपासायचं, कारण त्यानं आतला ताण बदलतो. शेवटी चाकाला मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी ढिलाई राहिली पाहिजे. बेअरिंग तापलं की धातू फुगतो, त्याला ती जागा लागते.

नेप्तीच्या बाजारात कांदा आणणारी पारनेर तालुक्यातली एक जुनी पिकअप माझ्याकडं आली, ती चाक हाताला चटका देईल इतकं तापलेलं घेऊनच. आधी कुठंतरी बेअरिंग बदलून घेतलं होतं. खोलून कोन धुतला तर रोलर निळे पडलेले. पोलाद निळं पडायला ३०० अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि एवढ्या उष्णतेत त्याची कठीणता उतरते. नट पाइप घालून आवळला होता. मालकानं मला विचारलं, ‘भाऊ, टाइट असलेलं बरं नाही का?’ चाकाचे नट टाइट असलेले बरे. टेपर बेअरिंगचा नट नाही.

टेपरच्या कामात आणखी एक पथ्य: कोन नवा घातला तर कपही नवा. जुन्या कपावर जुन्या रोलरचा माग पडलेला असतो. नवा कप हबमध्ये ठोकताना कान उघडे ठेवायचे. कप वर असतो तोवर आवाज बोदा येतो, तळाला टेकला की घाव खणखणीत वाजतो. तिथं हात थांबवायचा.

ग्रीस आणि माल

‘ग्रीस भरपूर भरा’ असं गिऱ्हाईक आवर्जून सांगतं. भरपूर भरलेलं ग्रीस घुसळून तापतं, पातळ होतं आणि सीलमधून ब्रेकवर येतं. टेपरच्या कोनात मात्र ते नीट दाबून भरावं लागतं. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि कोनाची रुंद कड त्यावर दाबत राहायची, पलीकडून रोलरांच्या फटीतून ग्रीस डोकावेपर्यंत. हबच्या पोकळीत तिसरा हिस्सा ते अर्धा भरलं तरी पुरतं. चाकाच्या बेअरिंगचंच लिथियम ग्रीस घ्यावं, डब्यावर एनएलजीआय २ असं लिहिलेलं असतं. चेसीचं स्वस्त ग्रीस ब्रेकच्या उष्णतेत टिकत नाही. निळं, हिरवं, लाल हा नुसता रंग आहे, त्यावरून जात कळत नाही. दोन जातींची ग्रीसं एकत्र करू नयेत. दोन्ही बाजूंनी सीलबंद असलेलं बेअरिंग पेट्रोलात धुवायचं नाही, आत कारखान्यातलं मोजून भरलेलं ग्रीस असतं. आणि धुतलेलं बेअरिंग हवेच्या पाइपनं गरगर फिरवण्याचा खेळ करायचा नाही. पिंजरा फुटून छर्रा डोळ्यात जाऊ शकतो.

बेअरिंग विकत घेताना त्याच्यावरचा आकडा वाचता आला तर फसवणूक कमी होते. ६२०५ घ्या. पहिला ६ म्हणजे खोल खाचेचं छर्र्यांचं बेअरिंग. शेवटच्या ०५ ला पाचानं गुणलं की आतलं भोक मिळतं, २५ मिलिमीटर. पुढं २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबराचं सील, झेडझेड असेल तर पत्र्याचं झाकण. सी३ असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. जुन्या बेअरिंगवरचा आकडा अक्षर-न्-अक्षर जुळवून घ्यावा. डुप्लिकेट माल खोक्यावरून ओळखणं अवघड झालं आहे. किंमत संशय येण्याइतकी कमी असेल तर संशय घ्यावा, पक्कं बिल मागावं. काही कंपन्यांची मोबाइलवर पडताळणी करणारी अ‍ॅपही आहेत. नव्या गाड्यांमध्ये बेअरिंग आणि हब एकसंध येतं. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, तेव्हापासून बऱ्याच बेअरिंगांच्या एका बाजूला चुंबकी कडं असतं. ते उलटं बसलं किंवा लोहचुंबकाशेजारी ठेवलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो.

काढलेलं बेअरिंग बोलतं

गुरुजींच्या ड्रममधलं बेअरिंग कापून, धुऊन मी टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवलं. खाचेत तपकिरी गंज होता, आणि छर्रे जिथं थांबले होते तिथं काळसर आडव्या रेघा. पाणी आत गेलं होतं. मी विचारलं, ‘गुरुजी, गाडी पाण्यातून नेली का?’ त्यांच्या वस्तीच्या वाटेवर ओढा आहे, पावसाळ्यात त्यातून गाडी काढावी लागते. शिवाय चिखल लागतो म्हणून दर आठवड्याला ते गाडी जोराच्या फवाऱ्यानं धुऊन घेत आणि चाकाच्या मधोमध नेम धरायला लावत. चाललेल्या गाडीचं बेअरिंग गरम असतं. ते गार पाण्यात बुडलं की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या कडेनं पाणी ओढून घेते. फवाऱ्याचा जोर तर सीलला सरळ उचलतो. नुसतं बेअरिंग बदलून दिलं असतं, तर पुढच्या पावसाळ्यानंतर गुरुजी पुन्हा दारात असते.

अशी प्रत्येक खूण कारणाशी बांधलेली आहे. खाचेतून पोलादाचे करडे पापुद्रे निघाले असतील आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर ते बेअरिंग थकून, आयुष्य जगून गेलं. निळं किंवा पिवळट पडलं असेल तर उष्णता: नट जास्त आवळला, नाहीतर ग्रीस संपलं. सारख्या अंतरावर खळगे असतील तर घाव, मग तो बसवणाऱ्याच्या हातोड्याचा असो वा वेगात आपटलेल्या खड्ड्याचा. असेच खळगे न चालवलेल्या गाडीतही पडतात. अमेरिकेत रेल्वेनं लांब पाठवलेल्या नव्याकोऱ्या मोटारींची बेअरिंगं पोहोचेपर्यंत खराब झालेली असत. चाकं जखडलेली, वाघिणीच्या थरथरीत छर्रे एकाच जागी घासत राहायचे आणि तिथलं ग्रीस बाजूला होऊन खळगा पडायचा. छर्र्यांच्या झिजेचा पट्टा एकाच कडेला तिरका पडला असेल तर वाकडेपणा, आणि तो बऱ्याचदा रुंद टायर आणि बाहेर काढलेल्या फॅन्सी डिस्कमुळं येतो.

वजनाची खूण वेगळी दिसत नाही, पण वजनाचा हिशेब पक्का आहे. गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विद पाल्मग्रेन या दोन स्वीडिश संशोधकांनी १९४७ मध्ये बेअरिंगच्या आयुष्याचं गणित मांडलं, आणि जगभर आजही तेच वापरलं जातं. छर्र्यांच्या बेअरिंगवर भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा होतं. रोलरच्या बाबतीत त्याहूनही कमी. कांद्याच्या गोण्या ‘आजच्या दिवस’ म्हणून जास्तीच्या चढवल्या जातात, तेव्हा हा हिशेब चाकात चालू असतो.

म्हणून बेअरिंग किती किलोमीटर चालतं, या प्रश्नाला माझ्याकडं आकडा नाही. एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यांपैकी एकीचं पहिलं बेअरिंग अजून चालू असतं आणि दुसरीची तिसरी जोडी चाललेली असते. फरक कारखान्यानं केलेला नसतो. ओढा, फवारा, हातोडा, पाइप घातलेला पाना आणि वरच्या दोन गोण्या, एवढ्यांत तो सापडतो.

तुमच्या गाडीचं बेअरिंग बदलायला द्याल तेव्हा दोन गोष्टी करा. पहिली, जुनं बेअरिंग धुऊन हातात मागा आणि ‘हे कशानं गेलं?’ असं मिस्त्रीला विचारा. ‘जुनं झालं होतं’ हे उत्तर घेऊ नका, खाच दाखवायला सांगा. दुसरी, काम झाल्यावर शंभर-दोनशे किलोमीटर चालवून गाडी पुन्हा घेऊन जा. चाक उचलून प्ले बघायचा, टेपर असेल तर नट तपासायचा, लांब चालवून आल्या आल्या चारही हबजवळ हात नेऊन एखादा जास्त तापतोय का तेही बघायचं. या दुसऱ्या खेपेचे मी पैसे घेत नाही. कुणी घेतलेच, तरी ते नव्या बेअरिंगपेक्षा कमीच असतील.